पोट भरले, पण पोसले काय?

(शेतकऱ्यांच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आज या सभेत ज्याच्या दारात दावे नाही असा माणूस विरळाच असेल. कोणाचे रान चार एकर, कोणाचे दहा गुंठे. लोहार, सुतार, कुंभार यांपैकी कित्येकांना तर रानच नाही. तरी एखादी गाय किंवा म्हैस दारात उभी आहे, आणि तिच्या दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर घरचे तेलमीठ व पोरांच्या वह्या येतात. तेव्हा तिच्या गव्हाणीत काय पडते, हा प्रश्न तुमच्या चुलीचाच आहे.

माझे म्हणणे एकच आहे. जनावराचे पोट भरणे निराळे आणि जनावर पोसणे निराळे.

कऱ्हाड-वाळव्याकडे उसाचा गळीत हंगाम लागला की वाढ्यांची रास दारात येऊन पडते. दुष्काळात तर माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतही ऊसच गुरांच्या वाट्याला येतो; २०१२-१३ व २०१८-१९ या सालांच्या छावण्यांतून आपण हे पाहिले. उसाने त्या वेळी गुरे जगवली, हे कोणी नाकारू नये. परंतु संकटात जगवणे वेगळे. हंगामाचे चार-पाच महिने गाय नुसत्या वाढ्यावर ठेवावयाची आणि दूध मात्र दहा लिटर मागावयाचे, हा व्यवहार जुळत नाही. का जुळत नाही, ते पाहू.

गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठा रांजण होय. त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू राबत असतात. चारा फोडतात ते हे जंतू, आणि त्यांच्या कष्टावर गाय पोसते. या गड्यांनाही खावयास हवे, आणि ते त्यांना चाऱ्यातील प्रथिनांतून मिळते. पूर्ण वाळलेल्या चाऱ्याच्या १०० भागांत निदान ७ भाग प्रथिने असली तर हे गडी नीट काम करतात. वाढ्यात ती सुमारे ५ ते ६ भाग असतात, कडब्यात ३ ते ४. लसूणघासात मात्र १८ ते २०. गडी उपाशी राहिले तर रांजण भरलेला असूनही गाय वाळते.

आता हाडाच्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा हिशेब घ्या. मी शाळामास्तर आहे, म्हणून हिशेबच मांडतो. एक लिटर दुधातून सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. दहा लिटरला १२ ग्रॅम झाले. गाईच्या साऱ्या रक्तात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे रक्तातल्या साठ्याच्या चौपट रोज चरवीत पडते. ते यावे कोठून? चाऱ्यातून. आणि वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते, ते चाऱ्यातील कॅल्शियमचा काही भाग बांधून ठेवते. तो गाईच्या अंगी लागत नाही. मग गाय स्वतःच्या हाडांतून काढून दूध देते. असे किती दिवस चालणार? ती माती चाटू लागते, चिंध्या चघळते, वेळेवर माजावर येत नाही, आली तर उलटते. आपण म्हणतो, गाय वाईट निघाली.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांनी कुठे प्रथिने मोजली होती? खरे आहे. पण त्यांची गुरे गायरानात दहा तऱ्हांचे गवत, झाडपाला वेचून खात. माणदेशी खिलार तशाच माळावर वाढले. ती गायराने पुढे आकसत गेली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हाच जंगलखात्याने चराऊ राने अडविल्याचे गाऱ्हाणे त्यात मांडले होते. आज गाय दाव्याला आहे. तिला निवड करता येत नाही, म्हणून निवड आपणच केली पाहिजे.

ती अशी करावी. सुमारे ४०० किलो वजनाच्या, दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला दिवसाला २० किलो हिरवा चारा द्यावा. त्यात वाढे, मका, कडवळ काहीही चालेल, पण तिसरा हिस्सा घास, चवळी किंवा शेवरीचा असावा. नुसता ओला घास पोटभर घालू नये, पोट फुगते. सोबत ५ किलो कडबा, कुट्टी करून. कडबा बंद करून पेंडच वाढवाल तर रवंथ कमी होईल आणि दुधाचे फॅट उतरेल. आंबोण अंगासाठी दीड किलो आणि दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हणजे एकूण साडेपाच किलो. त्यात खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मुठीत मावेल एवढे, आणि थोडे मीठ. पाणी तर सदैव पुढे असावे. दुधाच्या १०० भागांत ८७ भाग पाणीच आहे. ज्यांना रान नाही त्यांनी भुईमुगाचे वेल, हरभऱ्याचा व तुरीचा भुसा मळणीच्या वेळी जमवावा. तो वाऱ्यावर जाऊ देणे म्हणजे पेंड फेकून देणे होय.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. व्यायल्यावर एक-दोन दिवसांत चांगली दुभती गाय एकाएकी बसते, मान कुशीवर टाकते, कान गार पडतात. घरात लगेच दृष्ट काढणे, अंगारा लावणे सुरू होते. बंधूंनो, ही नजर नव्हे. रक्तातील कॅल्शियम एकदम चिकात गेल्याने असे होते. जनावरांच्या डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिले की पुष्कळदा तीच गाय तासाभरात उठून उभी राहते. अंगाऱ्यात वेळ गेला तर मरते. तिच्या तोंडात बाटलीने औषध ओतू नका. तिला नीट गिळता येत नाही, ते फुप्फुसात जाते.

वासरालाही त्याचा हक्क द्या. पोटात असताना गाईकडून त्याला रोगाशी लढण्याचे बळ मिळत नाही. ते चिकातूनच मिळते, आणि तेही पहिल्या दिवसात. म्हणून वार पडण्याची वाट न पाहता तासा-दोन तासांत चीक पाजावा, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. खरवस त्यानंतर.

भगिनींनो, वैरण तुम्ही घालता आणि पेंड बहुधा पुरुष आणतात, म्हणून हिशेब कोणाजवळच राहत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती एक वही द्या. रोज काय घातले, किती दूध निघाले, माज केव्हा आला, एवढेच तिने लिहावे. एका महिन्याने ती वही दोघांनी मिळून वाचावी. आणि पुढच्या बाजाराला जाल तेव्हा खनिज मिश्रणाची पिशवी व बांधावर टाकण्यासाठी शेवरीचे मूठभर बी घेऊन या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.