नाण्यावरची बाई
(जाफराबाद येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



दोन रुपयांच्या जुन्या नोटेमागे एक उपग्रह होता, आठवतो? तो 'आर्यभट', १९७५ साली सोडलेला. त्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून, सरकारनं 'समानता, विकास, शांती' अशी अक्षरं असलेली नाणीही काढली. बाई एका नाण्यावर, आकाश दुसऱ्या नोटेवर!

अमेरिकेनं १९७९ साली दोन्ही एकाच डॉलरवर आणलं. पुढे सुसान अँथनी, मागे चंद्रावर उतरणारा गरुड, म्हणजे १९६९च्या अपोलो ११चं चिन्ह. बायकांना मताचा हक्क नसताना १८७२मध्ये मत दिलं म्हणून अँथनीबाईंना अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. चंद्रावर मात्र उतरले ते बाराही पुरुषच.

सोविएत संघानं १९८३ साली व्हॅलेंतिना तेरेश्कोवाचं रुबलचं नाणं काढलं. ही कापडगिरणीतली कामगार. १९६३ साली एकटीनं पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारल्या. अंतराळात गेलेली पहिली बाई! तिच्याबरोबर आणखी चौघी निवडल्या होत्या. त्यातली एकही गेली नाही; १९६९ साली ती तुकडीच मोडली. दुसरी बाई, स्वेतलाना सवित्स्काया, गेली ती थेट १९८२मध्ये. एकोणीस वर्षांनी.

बाईच्या नावाची सरपंचाची पाटी लागते आणि सभा नवरा चालवतो, तेव्हा मला त्या चौघी आठवतात. पुढच्या ग्रामसभेत त्या खुर्चीत कोण बसतं, तेवढं आपण जाऊन बघायचं. आणि नवरा बसलेला दिसला तर उठवायचं.