बोल्यांचा ठराव आणि आपली ओंजळ
(जालन्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



चवदार तळं आपल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण तळ्याआधी एक कागद होता, अन् कागदामागं एक माणूस. सीताराम केशव बोले. जातीनं भंडारी. मुंबईच्या कामगारांत वावरणारा, कायदे कौन्सिलात बसणारा, सरकारचा रावबहादूर. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेचे अध्यक्ष हेच बोले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांनी कौन्सिलात ठराव पास करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केलं. कागदावर! तळ्यावर ढोरं पीत होती, माणसाला बंदी होती. १९२६ साली बोले पुन्हा उठले: ज्या नगरपालिका ठराव पाळत नाहीत, त्यांची ग्रँट बंद करा.

मग २० मार्च १९२७. बाबासाहेबांनी ओंजळ भरली. आपल्या माणसांची डोकी फुटली, तळ्यात गोमूत्र ओतलं गेलं. अन् ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

कुणी म्हणेल, रावबहादुराचं कशाला गातोस? गात नाय, हिशेब मांडतोय. गोदीत कागदाबिगर माल सुटत नाही. पण कागद दाखवला म्हणून पेटी आपोआप उठत नाही, खांदा लावावा लागतो. बोल्यांनी कागद दिला. खांदा महाडला गेलेल्या हजारोंचा.

आपल्या जालन्याला तर तो कागदही नव्हता. ठराव मुंबई इलाख्याचा, आपण निजामाच्या राज्यात, सप्टेंबर १९४८ पर्यंत. आज मात्र घटनेचं १५ वं कलम विहिरी अन् तळ्यांची नावं घेऊन बोलतं. तिथंही मुद्दा तोच, पैसा जनतेचा.

म्हणून गावी गेलात की बघा. टँकर येतो, तो आधी कुठल्या गल्लीत थांबतो? पंचायतीच्या विहिरीवर आपली बाई कुणाच्या मागं उभी राहते? विचारा. लेखी मागा. अन् उत्तराची वाट बघत बसू नका. दिवसाढवळ्या, चारचौघांत घागर भरून घरी या.

जय भीम!