पाण्यात दिसणारा धनाजी

हल्ली पुतळासुद्धा छापता येतो. संगणकात आकृती असते. यंत्र प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर रचत जातं आणि काही तासांत वीतभर पुतळा टेबलावर उभा राहतो. यासाठी वापरलं जाणारं एक प्लॅस्टिक तर मक्यापासून किंवा उसापासून बनतं. अशा छापण्याजोग्या पुतळ्यांत एक आहे पेरू देशातल्या तुपाक अमारू दुसरा याचा.

शेवटचा इंका राजा तुपाक अमारू याला स्पॅनिशांनी १५७२ मध्ये ठार केलं. त्याचा वंशज असलेल्या या माणसानं तेच नाव धारण केलं आणि १७८० मध्ये जाचक कर व सक्तीच्या मजुरीविरुद्ध बंड पुकारलं. १८ मे १७८१ रोजी कुस्को शहरातल्या चौकात त्याच्या डोळ्यांदेखत बायको मिकाएलाला मारलं, मग त्याला. पुढं इंका राजांच्या तसबिरी आणि पोशाखांवरही बंदी आली. आज ओळखीचा झालेला त्याचा उंच टोपीतला चेहरा घडवला तो विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी. ज्याची आठवण पुसायची होती, तो आता कुणाच्याही टेबलावर उभा राहू शकतो.

पुतळ्याची सत्ता आपल्याला ठाऊक आहे. कोल्हापुरात आज जिथं शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आहे, त्या चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन उभे होते. १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हावीरे या दोघींनी तो पुतळा विद्रूप केला. पुढं क्रांतिकारकांनी तो फोडला. १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं तिथं महाराज आले. एका पुतळ्याच्या जागी दुसरा यायला एवढी हिंमत लागली.

आणि आमचं पेठ वडगाव? इथं सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. मोगलांचं घोडं पाण्याला तोंड लावेना की स्वार म्हणे विचारायचा, ‘पाण्यात धनाजी दिसला काय रे?’ ही आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या घरात मूर्ती ठेवायची रीत नाही. पण पाण्यातला तो धनाजी मी कितीदा तरी पाहिला आहे. तो ना दगडात घडवलेला, ना धातूत ओतलेला. माणसं सांगत राहिली, म्हणून तीनशे वर्षं टिकला.

पोरांनी पुतळे जरूर छापावेत. महाराजांचे छापावेत, ताराराणींचे छापावेत, त्या परमुलखातल्या तुपाक अमारूचाही छापावा. मात्र ते यंत्र पुतळ्याची उंची आणि वजन तेवढं जाणतं. हा माणूस कुणासाठी लढला, हे पोरानं विचारलं, तर सांगायला घरातलं कुणीतरी जवळ बसलेलं असावं.