अतिदक्षता विभागातील परिचारिकेचा शीण



वसंतातील या ज्ञानसत्रात साहित्य, इतिहास, अर्थकारण यांची चर्चा नेहमी होते. यंदा परिचारिकेच्या शिणाला त्यांत एक संध्याकाळ मिळाली, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाही. आम्ही म्हणजे, जिला सर्वजण आयसीयू म्हणतात, त्या अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षे पाळ्या केलेल्या परिचारिका. केवळ गाऱ्हाणे मांडावे म्हणून आम्ही येथे उभ्या नाही. या प्रश्नात तुमचेही हित गुंतलेले आहे.

प्रथम या विभागाचा जन्म कसा झाला ते पाहू. 1952 साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रोगी इतके आले की यंत्रे पुरेनात. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबीत श्वास देण्याचा मार्ग दाखविला. सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, रात्रंदिवस त्या पिशव्या दाबल्या. त्या अनुभवातून पुढच्याच वर्षी आधुनिक अतिदक्षता विभाग उभा राहिला. या हकिकतीतला आमच्या मते सर्वांत मोलाचा शब्द ‘आळीपाळीने’ हा आहे. एक हात थकला की दुसरा ताजा हात पुढे येई, म्हणून रोगी वाचले. आज श्वास व्हेंटिलेटर देतो, पण व्हेंटिलेटरवर लक्ष ठेवणारे डोळे माणसाचेच असतात. आणि त्या डोळ्यांच्या आळीपाळीची काळजी मात्र कोणी करीत नाही.

काचेच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना आतले काम दिसत नाही. तासातासाला नाडी, रक्तदाब, प्राणवायू आणि लघवीचे मोजमाप तक्त्यावर लिहायचे. नळीत साचलेला कफ ओढून काढायचा. अंगाला जखमा पडू नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि बेशुद्ध माणसाची कूस एकटीच्या हाताने बदलत नाही. औषधाचे पंप चालू ठेवायचे, तोंड पुसायचे, दर थोड्या वेळाने वाजणारी घंटा खरी की खोटी हे ओळखायचे. एवढ्यात शेजारची खाट अत्यवस्थ होते. रोगी दगावला तर त्याच्या माणसांना दोन शब्द बोलावेत, तोवर त्याच खाटेवर नवा रोगी आलेला असतो.

आता हिशेब करू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अतिदक्षता विभागात दर पाळीला एका खाटेमागे एक परिचारिका असावी. दिवसाच्या पाळ्या तीन, म्हणजे आठवड्याच्या एकवीस. एक परिचारिका आठवड्यात सहा पाळ्या करते, म्हणजे एका खाटेला साडेतीन परिचारिका लागल्या. रजा आणि आजारपण धरले तर निदान चार. दहा खाटांच्या विभागाला चाळीस! तेथे वीसच नेमल्या, तर कोणत्याही पाळीला दहा रोग्यांमागे सहासुद्धा भरत नाहीत. उरलेले काम नाहीसे होत नाही. ते हजर असणाऱ्या सिस्टरच्या पाठीवर जाते.

याचा परिणाम काय होतो? इंग्रजीत ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द रुळलेला नाही. पण समईत तेल संपले की वात जळू लागते, हे घरोघर ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली या अवस्थेची तीन लक्षणे मान्य केली: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन दुरावणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. संघटनेने तिला रोग न म्हणता कामाच्या ठिकाणी उपजणारी अवस्था म्हटले, हे ध्यानात ठेवावे. एका तरुण सिस्टरने आम्हांस सांगितले, “ताई, घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. आणि परवा पेशंट गेला तेव्हा रडूच आले नाही. आता चादर बदलायला हवी, एवढेच मनात आले.” ही मुलगी निष्ठुर नव्हती. तिचे तेल संपले होते.

आणि याची किंमत रोगीही मोजतो. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या 168 रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रोग्यांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे एक रोगी जादा असला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता 7 टक्क्यांनी, आणि परिचारिका या अवस्थेला पोचण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात 1999 साली कायदा झाला, आणि त्यानुसार अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोहोंहून अधिक रोगी देता येत नाहीत.

आपल्याकडे कायद्याऐवजी गौरव मिळतो. 22 मार्च 2020 रोजी सायंकाळी देशभर थाळ्या वाजल्या. त्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला; त्या परंपरेपुढे आमचे मस्तक नम्रच आहे. परंतु संकटातील त्याग ही रोजच्या कारभाराची रीत होऊ शकत नाही. ‘देवदूत’ म्हटले की भूक, झोप आणि पगार यांचा विचार करावा लागत नाही, ही या शब्दाची मोठी सोय आहे!

पगाराविषयी सांगावयाचे तर, सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली, की 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेस सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, आणि 50 हून कमी खाटांच्या ठिकाणीही ते 20,000 रुपयांखाली नसावे. केरळने 2018 साली किमान वेतनाची अधिसूचना काढली. मात्र शिफारस नुसती कागदावर राहिली तर कोणाचे पोट भरत नाही.

एवढा पैसा आणावा कोठून, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. पण अनुभवी परिचारिका कंटाळून नोकरी सोडते, तिच्या जागी आलेल्या नवशिकीला तयार होण्यास महिने लागतात, आणि ते महिने रोग्यांच्या जिवावर जातात. खर्च आजही होतोच आहे. फक्त तो बिलावर दिसत नाही.

म्हणून आपणांस एकच विनंती आहे. आपले माणूस आयसीयूत दाखल कराल, तेव्हा खाटेचे भाडे विचाराल तसेच हेही विचारा: या पाळीला एका सिस्टरकडे किती रोगी आहेत? प्रश्न सिस्टरला नव्हे, व्यवस्थापनाला विचारा. आपल्या नगरसेवकाला आणि आमदारालाही विचारा. शंभर घरांनी तो विचारला तर उत्तर देणे भाग पडेल.