कोंबड्या घ्याव्यात त्या कोणत्या वयाच्या?

सिल्लोड तालुक्यातील ज्या शेतकरी कुटुंबांच्या खळ्यावर खरिपाचा मका येतो, आणि त्याच्या आधारावर पंचवीस-तीस कोंबड्या पाळून संसाराच्या जमाखर्चास हातभार लावण्याचा ज्यांचा मनोदय आहे, त्यांनी जातीच्याही आधी वयाचा विचार करावा, असे माझे निश्चित मत आहे. कारण कोंबडीच्या वाढीतील जोखीम विकणाऱ्याने सोसावयाची की घेणाऱ्याने, हे त्या वयावरच ठरते.

एक दिवसाचे पिल्लू स्वस्त पडते, हे खरे. परंतु पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे 95 अंश फॅरनहाइट ऊब लागते, ती पुढे दर आठवड्यास पाच अंशांनी उतरवावी लागते, आणि रात्री वीज गेली की पिल्ले उबेसाठी एकमेकांवर चढून गुदमरतात. मानमोडीची लस पहिल्याच आठवड्यात, गंबोरोची त्यानंतर, देवीची आणखी पुढे. एवढी तजवीज करूनही अंड्यासाठी पाच महिने थांबावयाचे. जेथे रात्री उठून पाहणारे माणूस नाही, तेथे हा व्यवहार करू नये.

आठवडी बाजारात अंड्यावरची म्हणून मिळणाऱ्या कोंबडीविषयी मी अधिक साशंक आहे. अंड्यांची संकरित कोंबडी 18 ते 20 आठवड्यांची झाली म्हणजे अंडी देऊ लागते, तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तिचा भर असतो, आणि साधारणतः 72 आठवड्यांनंतर व्यावसायिक तिला काढून टाकतात. यांपैकी कोणत्या मुक्कामावरची कोंबडी आपल्या हाती येते, याचा दाखला बाजारात मिळत नाही. लाल, टवटवीत तुरा आणि ढुंगणाजवळच्या दोन हाडांमध्ये मावणारी दोन-तीन बोटे एवढेच सांगतात की ती सध्या अंडी देत आहे. मात्र पिवळ्या पायांच्या जातीत पाय पांढुरके पडलेले दिसले, तर तिने पुष्कळ अंडी आधीच दुसऱ्याच्या घरी दिलेली आहेत, असे खुशाल समजावे.

म्हणून सामान्य कुटुंबाने 8 ते 10 आठवड्यांची, लसीकरणाची लेखी नोंद असलेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, घ्यावी. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतही 25 तलंगा आणि 3 नर असा जो गट देतात, तो याच वयाचा. उबेचा नाजूक काळ तोवर सरलेला असतो, आणि नव्या जागेची सवय होण्यास पुरेसा अवधीही उरतो. आषाढाच्या अखेरीस आणलेली संकरित तलंग दिवाळीच्या आसपास अंड्यावर येते, त्याच वेळी नवा मका घरात असतो आणि थंडीमुळे अंड्यांना मागणीही चढते. दिवस मात्र तेव्हा लहान होत असतात, सबब अंडी सुरू झाली की दिव्याच्या साह्याने उजेड हळूहळू वाढवून चौदा तासांवर न्यावा.

मका पूर्ण वाळलेलाच घालावा, कारण ओलसर दाण्यावरील बुरशीचे विष कोंबडीचे यकृत नासविते. नुसत्या मक्यावर अंडी मिळत नाहीत. त्याला सोयाबीनच्या पेंडीची जोड हवी. शिंपल्यांची चुरी पहिली अंडी दिसू लागण्याच्या बेतास द्यावी, फार आधी देऊ नये. कोवळ्या तलंगेच्या मूत्रपिंडास तो चुना सोसत नाही.