हेलिकॉप्टर केव्हा उडवावे?

(मुरुड, जि. लातूर येथे दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



सप्टेंबर २०२५ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यात, पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने सोडविले. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : प्रत्येक आपत्तीत असे का होत नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीत शोधावे लागेल.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. शासनाने हेलिकॉप्टरे सज्ज ठेवली होती. परंतु खराब हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. वाडीला गाडीरस्ता नसल्याने यंत्रेही वर चढेनात. जवान आणि गिर्यारोहक तरुण पायी चढले, हातांनी माती उपसू लागले. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याने प्राण गमावले. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबला.

परंड्यात माणसे उघड्यावर, वरून दिसणारी होती. इर्शाळवाडीत ती मातीखाली होती. गाडलेला माणूस आकाशातून दिसत नाही. तेथे फार तर माणसे व अवजारे पोहोचविणे, जखमींना हलविणे एवढेच हेलिकॉप्टर करू शकते. म्हणून कसोट्या तीन : जीव धोक्यात आणि वेळ थोडा असावा, पायी किंवा नावेने तितक्या लवकर पोहोचणे अशक्य असावे, आणि ढग, वारा, उतरण्याची जागा पाहून वैमानिकाने होकार दिलेला असावा. त्याच्या नकारावर मंत्र्याने वा जमावाने दडपण आणू नये.

खर्चाचे काय, असे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला विचारले जाणारच. खर्च फार आहे. पण तेवढ्यासाठी गरिबाचे प्राण पणाला लावणे हे अर्थशास्त्र नव्हे. खरा प्रश्न अग्रक्रमाचा आहे. हेलिकॉप्टर एक आणि हाका अनेक असतील, तेव्हा पहिला हक्क छपरावर अडकलेल्या शेतमजुराचा. पुढाऱ्यांची हवाई पाहणी त्यानंतर.

आणि हेही विसरू नका : इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. धोक्याची नोंद, वेळेवर पुनर्वसन, वाडीपर्यंत रस्ता, तालुक्याला नाव, दोर आणि प्रशिक्षित तरुण ही मागणी आपण पावसाळ्यापूर्वी केली पाहिजे. या गोष्टी ढग आले म्हणून थांबत नाहीत. हेलिकॉप्टर त्यांना जोड म्हणून हवे, त्यांच्याऐवजी नव्हे.