तारेचे दागिने : नवशिक्यांच्या शंकांना उत्तरे
(पुंडलिकनगर येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



तारेच्या दागिन्यांवर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. त्याआधी आपल्यातील मुलींनी, सुनांनी व काही तरुणांनी आपापल्या शंका चिठ्ठ्यांवर लिहून दिल्या होत्या. त्या वाचल्यावर व्याख्यानाचा थाट बाजूस ठेवून शंकांचीच उत्तरे द्यावीत, हे आम्हांस अधिक उचित वाटले.

प्रारंभी वडीलधाऱ्यांच्या एका आक्षेपाचा विचार करू. आक्षेप असा की, जेथे बागेसरी नाही, मूस नाही, झाळकाम नाही, ते सोनारकाम कसले? या आक्षेपाला उत्तर आपल्या घरातील नथच देते. बारीक सोन्याच्या तारेत मोती ओवायचे आणि ती तार जाड तारेच्या आकड्याभोवती वेढे देऊन आवळायची, हीच नथीची बांधणी. मोती आगीसमोर टिकत नाही, म्हणून तो तारेनेच बांधावा लागतो. शिवाय नथ तरी कोठे अनादि आहे? अजिंठ्याच्या चित्रांत मोत्यांचे सर विपुल आहेत, पण नाकातला अलंकार दिसत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध घेऊन स्वतंत्र लेखच लिहिला आहे. आज जिला आपण परंपरा म्हणतो, तीही एके काळी नवलाईच होती.

आता चिठ्ठ्यांकडे वळू. पुष्कळांचा पहिला प्रश्न : तार कोणती घ्यावी? आमचे उत्तर, प्रथम तांब्याची. ती मऊ असते, स्वस्त असते आणि हाताच्या चुका पोटात घालते. पितळेची तार ताठ असते. तिच्याकडे हात बसल्यावर जावे. सांगाड्यासाठी सुमारे ०.८ मिलिमीटर, मोती ओवण्यासाठी ०.४ ते ०.५ आणि नुसत्या वेढ्यांसाठी ०.३ मिलिमीटर जाडीची तार पुरते. दुकानात मात्र तार नंबरावर मिळते, आणि नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे नवख्याला उलटे वाटते. त्यातही मापाच्या पद्धती दोन आहेत. २४ नंबरची तार अमेरिकी मापाने सुमारे ०.५१ मिलिमीटर भरते, तर ब्रिटिश मापाने ०.५६. एवढ्याशा फरकाने तार मोत्यात अडते. म्हणून मिलिमीटर विचारावे आणि खरेदीस जाताना आपला मोती बरोबर न्यावा.

दुसरी शंका हत्यारांची. आरंभास तीन पुरेत : गोल चोचीची पक्कड, चपट्या चोचीची पक्कड आणि तार कापण्याची कात्री. चपट्या पकडीच्या चोचीस दाते नसावेत, कारण त्यांचे वळ तारेवर उमटतात. दाते असतील तर चोचीला कापडी पट्टी गुंडाळावी. चौथी बारीक कानस जवळ असली म्हणजे कापलेले टोक घासता येते.

तिसरा प्रश्न एका सूनबाईंचा : 'तार ऐन वेळी तुटते, आमच्या हातात जोर अधिक आहे काय?' दोष जोराचा नव्हे. धातू वाकविला की कठीण होतो; एकाच जागी पुनःपुन्हा वाकविला तर कडक होत होत तुटतो. म्हणून वळण एकदाच, विचार करून द्यावे. कडक झालेली तांब्याची तार मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडली की पुन्हा मऊ पडते. हा उपाय मुलामा दिलेल्या तारेवर मात्र करू नये. मुलामा जळून जातो.

चौथी शंका : लोंबता मोती निसटतो, कडी उघडते. नुसते टोक वळवून केलेली कडी ओढ लागताच उघडणारच. मोत्याच्या वर किंचित जागा सोडून तार काटकोनात वाकवावी, गोल चोचीवर फास घ्यावा आणि उरलेले टोक मोत्यावरच्या त्या मानेभोवती दोन-तीन वेढे घालून आवळावे. वेढे एकमेकांस चिकटून असावेत. टोक मानेलगत कापून आत दाबावे व बोट फिरवून पाहावे. बोटाला जे टोचते ते गळ्यालाही टोचणार.

पाचवी शंका आमच्या विशेष आवडीची : छिद्र नसलेला खडा कसा बांधावा? आपण ज्या काळ्या दगडावर राहतो, ज्यात वेरूळ आणि अजिंठा कोरले गेले, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा दगड होय. त्याच्या पोकळ्यांत अकीक व गारगोट्या तयार झाल्या, आणि त्या माळरानावर, नदीपात्रात आजही सापडतात. असा चपटा, लांबट खडा घ्यावा, वाटोळा निसटतो. त्याचा घेर दोऱ्याने मोजावा आणि त्याहून वीतभर अधिक लांबीच्या तीन तारा शेजारी शेजारी ठेवून बारीक तारेने तीन-चार ठिकाणी बांधाव्यात. ही पट्टी खड्याच्या कडेभोवती वळवून वर टोके एकत्र आवळावीत. मग बांधांच्या मधल्या जागी बाहेरची एक तार खड्याच्या पुढील अंगावर व दुसरी मागील अंगावर किंचित ओढावी. खडा त्या कुशीत बसतो आणि वरच्या टोकांचीच कडी होते.

सहावा प्रश्न काळे पडण्याचा. तांबे व चांदी हवेने आणि घामाने काळवंडतात, त्यात खोट नाही. तांबे चिंचेने वा लिंबाने उजळते. परंतु ज्यात मोती आहे त्या दागिन्याला आंबट पदार्थ कदापि लावू नये. खरा मोती चुनखडीच्याच जातीचा असून आम्लाने झिजतो. तो मऊ कापडाने पुसावा. टोचलेल्या नाकाकानात जाणारा भाग मात्र सोन्याचाच असावा. निकेल मिसळलेल्या हलक्या धातूने अनेकांस कंड सुटते. ज्यांचे नाक टोचलेले नाही, त्यांच्यासाठी चापाची नथ आहेच.

शेवटची शंका दबल्या आवाजात विचारलेली : किंमत काय सांगावी? आमच्या भगिनी तार-मोत्यांचे पैसे मोजतात आणि स्वतःचे हात फुकट धरतात. समजा, साहित्य ६० रुपयांचे आणि काम दोन तासांचे. त्या दोन तासांत दुसऱ्याच्या घरी कष्ट केले असते तर जी मजुरी मिळाली असती, ती ६० रुपयांत मिळवावी, वर तुटलेल्या तारेचा व डबीचा खर्च घालावा, आणि मगच आकडा बोलावा. त्याचबरोबर पितळेला पितळच म्हणावे. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची ओळखखूण आवश्यक झाली आहे. आपल्या तारकामाला तसा शिक्का नाही. तेथे आपला शब्द हाच शिक्का.

हे सर्व आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो, तेही सांगून ठेवतो. जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रणाचा हुकूम आला आणि १४ कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. १९६६ साली ती अट सुटली; परंतु १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. त्या काळात देशभर हजारो कारागिरांच्या शेगड्या विझल्या, कित्येकांनी धंदा सोडला, काहींनी जीवही दिला. त्यांच्या हातातील कसब कोणत्याही हुकुमाने काढून घेतले नव्हते. परंतु ते एकाच धातूला बांधलेले होते. आज बंदी नाही, तरी सोन्याचा भाव आणि यंत्रावरचा ओतीव माल यांनी लहान कारागिराची तीच कोंडी केली आहे.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. आपल्या पुष्कळ घरांत मुलीने ऐरणीजवळ बसू नये अशी रीत होती. ती परक्या घरी जाणार, मग विद्या तिकडे जाईल, ही भीती. परिणाम असा झाला की मुलगे नोकरीस लागले, मुलींना शिकविले नाही, आणि विद्या ना इकडे राहिली ना तिकडे गेली. तारेचे काम चार हात जागेत होते, त्यास धूर नाही, भांडवल थोडे लागते. पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांच्या घरात, मुले शाळेत गेल्यावर खिडकीशी बसून ते करता येते.

म्हणून ज्यांच्या हाती कला आहे त्या वडिलांना आमची विनंती की त्यांनी विचारणाऱ्याची जात, घर, नाते न पाहता शिकवावे; आणि नवशिक्यांना इतकेच सांगणे की पहिल्या दहा नथी वाकड्या होतील, त्या मोडून तार पुन्हा सरळ करावी. धातू बदलेल, भाव बदलतील. हात शिकलेला असला म्हणजे पोट उपाशी राहत नाही.